अनोळखी पिस्तूल, ओळखीचा हात: कौशल्य नेमकं राहतं कुठे?



आजचा विषय ऐकून काही जण बुचकळ्यात पडतील. नेमबाजाच्या हातात अनोळखी पिस्तूल आलं की त्याचा नेम का बिघडतो, आणि तो परत कसा बसतो? मी नेमबाज नाही. माझं पीएचडीचं काम माणूस हाताच्या हालचाली कशा शिकतो यावर आहे, आणि या विषयाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास वाचताना पिस्तूल, बाण, छर्ऱ्याची बंदूक या गोष्टी सारख्या समोर येतात. शिवाय एक भाकीत मी आत्ताच करून ठेवते. पीएचडीच्या मधल्याच कुठल्यातरी वर्षी तुमच्या प्रयोगशाळेतलं एक उपकरण बंद पडणार आहे आणि त्याच्या जागी नवं येणार आहे. त्या दिवशी तुमच्यापुढे हाच प्रश्न असेल. तेव्हा आज वाचून ठेवा.

आधी थोडं गणित करू, म्हणजे पुढचा इतिहास समजेल.

रायफलला खांद्याचा, गालाचा, दोन्ही हातांचा आधार मिळतो. स्पर्धेतलं पिस्तूल एकाच हाताने, हात लांब करून, कसलाही टेकू न घेता धरायचं असतं. त्यावर पुढे एक आणि मागे एक अशा दोन साइट असतात. 25 मीटर प्रकारात त्यांच्यातलं अंतर नियमानुसार फार तर 22 सेंटिमीटर असू शकतं. हिशेबाला सोपं म्हणून 20 धरा. आता तुमचा अख्खा हात पिस्तुलासकट 1 मिलिमीटर उजवीकडे सरकला, पण पिस्तुलाची दिशा तीच राहिली, तर गोळी लक्ष्यावर 1 मिलिमीटरच उजवीकडे लागेल. कोणाला कळणारही नाही. पण मागची साइट जागेवर असताना पुढची साइट 1 मिलिमीटर सरकली तर? 20 सेंटिमीटरला 1 मिलिमीटर, म्हणून 25 मीटरला 125 मिलिमीटर. चक्क साडेबारा सेंटिमीटर! प्रिसिजन टप्प्याच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास 5 सेंटिमीटर असतो. तुमची गोळी सहाच्या वर्तुळाच्या काठावर जाऊन बसली.

थोडक्यात, हात थरथरणं हा पिस्तूलबाजाचा मोठा शत्रू नव्हे. मनगटाचा कोन बदलणं हा शत्रू आहे. आणि अनोळखी पिस्तूल नेमकं तिथेच खोड काढतं. ग्रिपचा उतार वेगळा असला की सवयीने हात उचलल्यावर नळी वर तरी बघते नाहीतर खाली. वजन पुढे जास्त असलं की मनगट झुकतं. ट्रिगर जड असला की बोट दाबता दाबता पिस्तुलाला बाजूला ढकलतं. तीनही चुका कोनाच्या आहेत, म्हणून तीनही सव्वाशे पटीने मोठ्या होऊन कागदावर उमटतात.

आता समजा, अशा पिस्तुलातून तुम्ही पाच गोळ्या झाडल्या. दोन शक्यता आहेत. एक, पाचही भोकं एकमेकांना चिकटून आहेत पण सगळी डावीकडे खाली. नेमबाजांच्या भाषेत ग्रुप छान आहे, जागा चुकली आहे. दोन, भोकं सगळीकडे विखुरली आहेत. पहिल्या प्रकाराला आपण विज्ञानवाले सिस्टेमॅटिक एरर म्हणतो, दुसऱ्याला रँडम एरर. पहिल्यावर उपाय दोन मिनिटांचा: मागच्या साइटचा स्क्रू फिरवा. दुसऱ्यावर स्क्रूचा काहीही उपयोग नाही, तिथे सराव लागतो.

नवखा माणूस मात्र काय करतो? पहिली गोळी डावीकडे गेली की साइट उजवीकडे. दुसरी उजवीकडे गेली की साइट डावीकडे. प्रत्येक गोळीनंतर स्क्रू! डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग हे संख्याशास्त्रज्ञ आपल्या कार्यशाळांमध्ये हीच गोष्ट फनेल आणि गोटी घेऊन दाखवायचे. टेबलावर एक खूण, तिच्या वर फनेल, त्यातून गोटी सोडायची. फनेल जागेवरून हलवलं नाही तर गोट्या खुणेभोवती ठरावीक फैलावात पडतात. प्रत्येक गोटीनंतर, ती जितकी चुकली तितकं फनेल उलट दिशेला सरकवलं, तर व्हेरिअन्स दुप्पट होतो. फैलाव जवळजवळ दीडपट! प्रामाणिकपणे दुरुस्ती करत राहिल्यामुळे काम बिघडतं. नवं उपकरण आल्यावर रोज सकाळी कॅलिब्रेशनचा स्क्रू फिरवणारे सीनियर तुम्हाला भेटतीलच. त्यांना हे सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

इथपर्यंत उपकरणाची बाजू झाली. माणसाची बाजू जास्त गुंतागुंतीची आहे, आणि तिची गोष्ट सांगायला कारोय टाकाच या हंगेरियन नेमबाजाशिवाय पर्याय नाही. प्रेरणादायी व्हिडिओंमध्ये तुम्ही त्याला "कारोली टकाक्स" या नावाने ऐकलं असेल.

टाकाच हंगेरीच्या सैन्यात सार्जंट होता. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकला त्याला पाठवलं नाही, कारण तेव्हा तिथे फक्त अधिकाऱ्यांनाच संधी मिळायची. पुढे ती अट गेली. पण 1938 मध्ये सरावादरम्यान सदोष हातबॉम्ब त्याच्या उजव्या हातातच फुटला. नेम धरायचा हात गेला. त्याने गुपचूप डाव्या हाताने सराव सुरू केला. 1939 मध्ये त्याने राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी लुसर्नच्या जागतिक स्पर्धेत जिंकलेल्या हंगेरीच्या संघातही तो होता. मग युद्ध आलं, दोन ऑलिंपिक बुडाली. 1948 ला लंडनमध्ये, वयाच्या 38 व्या वर्षी, रॅपिड फायर प्रकारात त्याने 600 पैकी 580 गुण मिळवून जागतिक विक्रमासह सुवर्ण जिंकलं. विश्वविजेता म्हणून आलेला अर्जेंटिनाचा साएन्स व्हालिएंते 571 वर राहिला. 1952 ला हेलसिंकीत पुन्हा सुवर्ण, 579 गुण, आणि आपल्याच देशाच्या सिलार्ड कुनपेक्षा फक्त एक गुण जास्त.

व्हिडिओत हे सगळं इच्छाशक्तीच्या नावावर जमा होतं. इच्छाशक्ती होतीच, प्रश्नच नाही. पण तुम्ही संशोधक होऊ पाहताय, तर तारखांकडे बघा. अपघात 1938 चा, राष्ट्रीय विजेतेपद 1939 चं. इच्छाशक्ती कितीही असो, आयुष्यात पिस्तूल न धरलेला माणूस एका वर्षात राष्ट्रीय विजेता होईल का? अवघड आहे. मग टाकाचच्या डाव्या हाताला उरलेलं कोणी शिकवलं? उत्तर उघड आहे: उजव्या हाताने. म्हणजे, उजव्या हाताने शिकलेलं बरंचसं उजव्या हातात नव्हतंच मुळी. साइट कशी बघायची, चार सेकंदांत पाच लक्ष्यांवरून हात फिरवायची लय, श्वास, ट्रिगर दाबण्याची वेळ. हे सगळं दुसरीकडेच कुठेतरी साठलेलं होतं आणि हात गेल्यावरही शिल्लक राहिलं.

ही कल्पना टाकाचच्या आधीची आहे. 1894 मध्ये येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी एक साधा प्रयोग केला होता. धातूच्या पट्टीतल्या बारीक छिद्रात कडेला स्पर्श न होऊ देता सुई घालायची, स्पर्श झाला तर विद्युत मंडल पूर्ण होऊन कळायचं. सराव फक्त उजव्या हाताने. काही दिवसांनी उजवा हात सुधारला, आणि सरावच न केलेला डावा हातही सुधारला! त्यांनी याला क्रॉस-एज्युकेशन म्हटलं. एका व्यक्तीवर केलेला प्रयोग होता तो, आज कुठलंही जर्नल छापणार नाही. पण दिशा बरोबर निघाली.

पण लगेच उलटा आवाजही आला. 1901 मध्ये थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी लोकांना कागदाच्या तुकड्यांचं क्षेत्रफळ नजरेने सांगायला शिकवलं. एका आकारात तरबेज झालेली माणसं आकार बदलला की पुन्हा अडखळत होती. त्यांचा निष्कर्ष असा की, दोन कामांमध्ये जेवढे घटक समान, तेवढंच शिक्षण एकाकडून दुसरीकडे जातं. मन घासूनपुसून सर्वसाधारणपणे लख्ख होतं वगैरे काही नाही. बीएड केलेल्यांना हे "अध्ययन संक्रमणाची समान घटक उपपत्ती" म्हणून पाठ असेल. नेटच्या शिक्षणशास्त्राच्या पेपरला बसणाऱ्यांनाही.

आणि तिच्या पुढच्याच ओळीत काय असतं? "चार्ल्स जड यांची सामान्यीकरणाची उपपत्ती, 1908." इथे जरा थांबते, कारण हा प्रयोग थेट नेम धरण्याचा आहे.

जड यांनी मुलांचे दोन गट केले. पाण्याखाली ठेवलेल्या लक्ष्यावर छोटे बाण मारायचे. पाण्यात वस्तू दिसते एकीकडे आणि असते दुसरीकडे, हे तुम्ही विहिरीत किंवा बादलीत पाहिलेलं आहे. एका गटाला प्रकाशाच्या अपवर्तनाचं तत्त्व आधी समजावून सांगितलं, दुसऱ्याला नाही. लक्ष्य 12 इंच खोल असताना दोन्ही गट सारखेच. तत्त्व कळून काही फायदा नाही, हाताला शिकायचं ते शिकावंच लागलं. मग खोली 12 वरून 4 इंचांवर आणली. आता तत्त्व कळलेली मुलं पटकन सावरली आणि दुसरी गोंधळली. म्हणजे अनोळखी परिस्थितीत उपयोगी पडतं ते तत्त्व. सुंदर प्रयोग! शंभर वर्षं पाठ्यपुस्तकात टिकण्याइतका सुंदर.

अडचण एवढीच की जड यांनी आकडे दिले नाहीत. किती मुलं, किती प्रयत्न, किती फरक, तक्ता कुठेच नाही. निबंधात वर्णन आहे आणि वर्णनावरून निष्कर्ष आहे. तुम्ही असा प्रबंध दिलात तर गाईड पहिल्या पानावरच परत करतील. तरी "जड यांनी सिद्ध केले" हे वाक्य पिढ्यान् पिढ्या गाईडबुकातून गाईडबुकात उतरत आलं आहे. मला याचा राग येतो, आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. मूळ निबंध न वाचता दिलेला संदर्भ म्हणजे दुसऱ्याने बसवलेल्या साइटवर डोळे मिटून भरवसा ठेवणं आहे.

1941 मध्ये हेन्ड्रिक्सन आणि श्रोडर यांनी हा प्रयोग पुन्हा केला, या वेळी छर्ऱ्याच्या बंदुकीने आणि आकड्यांसकट. आठवीतले मुलगे, तीन गट. लक्ष्य आधी 6 इंच पाण्याखाली, मग 2 इंच. पहिल्या गटाला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्याला अपवर्तन समजावलं. तिसऱ्याला अपवर्तन आणि शिवाय खोली बदलली की चूक कशी बदलते तेही. नेम जमेपर्यंत सरासरी किती प्रयत्न लागले? 6 इंचांवर अनुक्रमे सुमारे 9.1, 8.5 आणि 7.7. खोली बदलल्यावर 6.0, 5.4 आणि 4.6.

हे सहा आकडे नीट बघा, घाई करू नका. तत्त्व कळलेले गट पुढे आहेत, खरं आहे. पण ते पहिल्या खोलीवरही पुढे आहेत, जे जड यांच्या निकालाशी जुळत नाही. आणि ज्यांना काहीच सांगितलं नाही ती मुलंसुद्धा 9.1 वरून 6.0 वर आली, म्हणजे एक तृतीयांश सुधारणा. सगळं समजावून सांगितलेल्या गटाची सुधारणा सुमारे 40 टक्के. फरक 34 आणि 40 मधला आहे. शून्य आणि शंभरमधला नाही. सरावाने बहुतेक काम केलं, तत्त्वाने त्याला थोडा हात दिला. "तत्त्व समजलं की संक्रमण होतं" या पाठ्यपुस्तकी वाक्यापेक्षा हे खूपच मवाळ आहे. नेटमध्ये पर्याय निवडायचा तो निवडा, पण हे लक्षात असू द्या.

आता गोष्ट मॉस्कोला जाते, कारण नेम धरताना हात नेमकं काय करतो हे तिथे मोजलं गेलं. 1920 च्या दशकात निकोलाय बर्नस्टाइन यांनी तिथल्या मध्यवर्ती श्रम संस्थेत छिन्नी-हातोड्याचं काम करणाऱ्या कामगारांचं चित्रीकरण केलं. कुशल कामगाराचा हातोडा दर वेळी जवळजवळ त्याच जागी पडायचा, पण खांदा, कोपर, मनगट यांच्या हालचाली दर वेळी थोड्या वेगळ्या असायच्या. यंत्रासारखी तीच हालचाल पुन्हा पुन्हा करणं म्हणजे कौशल्य, ही समजूत तिथेच कोलमडली.

त्याच परंपरेत 1968 मध्ये अरुत्युन्यान, गुरफिंकेल आणि मिर्स्की यांनी पिस्तूलबाजांचा अभ्यास केला. अनुभवी आणि नवखे असे दोन्ही नेम धरून उभे. हात दोघांचेही हलत होते! अनुभवी माणसाचा सांधा दगडासारखा स्थिर होता असं काही नाही. फरक असा होता की अनुभवी माणसाचा खांदा किंचित वर गेला की त्याचं मनगट तेवढंच उलट वळायचं, आणि नळीची दिशा राखली जायची. नवख्यांमध्ये ही जुळणी दिसत नव्हती.

वरचं गणित आठवा. हात सरकला तरी चालतं, कोन बदलला की संपलं. अनुभवी नेमबाजाच्या शरीराने हे गणित न शिकवता सोडवलेलं असतं: सरकायचं तर सरक, कोन जप. मला वाटतं, अनोळखी पिस्तुलाने बिघडतं ते नेमकं हेच. नवं पिस्तूल पुढे जड आहे, ग्रिपचा उतार वेगळा आहे, म्हणजे खांदा अमुक इतका हलला तर मनगटाने किती वळायचं याचं जुनं प्रमाण चुकीचं ठरतं. जुळणी करायची असते हे शरीराला माहीत असतं, फक्त किती करायची तो आकडा जुना असतो. म्हणूनच अनुभवी माणूस नव्या पिस्तुलावर नवख्याइतका वाईट कधीच नसतो, आणि नवख्यापेक्षा फार लवकर सावरतो. सगळं नव्याने शिकायचं नसतं, काही आकडे दुरुस्त करायचे असतात. हा माझा अंदाज आहे, मोजलेला निष्कर्ष नाही. तुम्ही वेगळं म्हणू शकता.

आकडे दुरुस्त व्हायला किती वेळ लागतो, यावर प्रिझमचे प्रयोग फार बोलके आहेत. डोळ्यांवर प्रिझम लावला की जग एका बाजूला सरकल्यासारखं दिसतं. हेल्महोल्ट्झ यांनी 1860 च्या दशकातच लिहून ठेवलंय की प्रिझममधून बघत बोट दाखवायला गेलं तर आधी चुकतं, थोड्या वेळात जमतं, आणि प्रिझम काढला की उलट्या बाजूला चुकतं. हे शेवटचं महत्त्वाचं. नवीन पिस्तुलाशी जुळवून घेतलेला माणूस जुनं पिस्तूल पुन्हा हातात घेतो तेव्हा त्याचे पहिले काही शॉट का जातात, याचा दुवा इथे आहे.

1996 मध्ये अमेरिकेत मार्टिन, थॅच आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग मातीचे गोळे फेकायला लावून केला. त्यात तीन गोष्टी दिसल्या. लहान मेंदूला, म्हणजे सेरिबेलमला, विशिष्ट इजा झालेल्या रुग्णांमध्ये ही जुळवाजुळव नीट होत नव्हती. दुसरं, खांद्यावरून गोळा फेकून जमवलेला नेम त्याच हाताने खालून फेकताना बहुतेकांच्या कामी आला नाही. हात तोच, डोळे तेच, प्रिझम तोच, तरी नाही! तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते. प्रिझम लावून आणि काढून असा दोन्हीचा आलटून पालटून काही आठवडे सराव केल्यावर माणसं दोन्हींत पहिल्याच फेकीला बरोबर मारू लागली. जुना आकडा पुसून नवा लिहिला गेला नव्हता. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले गेले होते, आणि कुठला कधी काढायचा हे शरीराला कळत होतं.

पण त्यासाठी आठवडे लागले. स्पर्धेत मिनिटं असतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये, जुलै 2021 ला, 10 मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल मध्येच बिघडलं. घड्याळ चालू होतं. तेच पिस्तूल दुरुस्त करून घेऊन ती परतली आणि उरलेले शॉट घाईत मारले. 575 गुण, 12 वा क्रमांक, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. टीव्हीसमोर बसून "दुसरं पिस्तूल घ्यायचं ना!" म्हणणं सोपं होतं. दुसरं पिस्तूल म्हणजे दुसरा ग्रिप, दुसरा ट्रिगर आणि मनगटाचे दुसरे आकडे.

मग वेळ असेल तेव्हा नेमबाज काय करतात? पहिल्या दिवशी गोळीच भरत नाहीत. रिकाम्या पिस्तुलाने, कोऱ्या भिंतीसमोर, नुसता ट्रिगर दाबत राहतात. याला ड्राय फायरिंग म्हणतात. समोर लक्ष्य नाही, आवाज नाही, झटका नाही, त्यामुळे ट्रिगर सुटताना पुढची साइट हलली का, एवढं एकच दिसतं. संशोधनाच्या भाषेत एकच चल मोकळा ठेवून बाकीचे बांधून टाकले. मग डोळे मिटून हात उचलायचा, उघडायचे, आणि नळी कुठे बघतेय ते पाहायचं. चुकत असेल तर मनगटाने ओढून सरळ करायचं नाही, ग्रिप किंवा पावलांची जागा बदलायची. ग्रिपचं लाकूड कानशीने घासून, पुट्टी लावून आपल्या हाताला बसवण्यात नेमबाजांचे तासन् तास जातात. त्यानंतर गोळ्या, त्याही ग्रुपसाठी. दहा मोजायचेच नाहीत. ग्रुप स्थिर झाला की मगच स्क्रूला हात. हा क्रम मुद्दाम सांगतेय, कारण नव्या स्पेक्ट्रोमीटरवर तुम्ही उलट क्रमाने जाणार आहात: आधी स्क्रू, मग ग्रुप, आणि शेवटी कधीतरी रिकामं रीडिंग. आणि जुन्या उपकरणावरचे काही नमुने नव्यावरही मोजून ठेवा, आलटून पालटून. नाहीतर प्रबंधातला अर्धा आलेख एका पिस्तुलाचा आणि अर्धा दुसऱ्याचा होईल, आणि मधली पायरी कशामुळे आली हे व्हायव्हात तुम्हाला सांगता येणार नाही.

शेवटी एक उदाहरण, ज्यात एका खेळाडूचं नव्हे तर एका अख्ख्या प्रकाराचं पिस्तूल बदललं. टाकाचचा तोच रॅपिड फायर प्रकार. त्यात अनेक वर्षं .22 शॉर्ट ही छोटी, कमी झटक्याची गोळी वापरत. ट्रिगरच्या वजनाला किमान मर्यादा नव्हती, नुसतं बोट टेकवलं की सुटावा इतका हलका ठेवता यायचा. 2005 मध्ये जागतिक संघटनेने नियम बदलले. आता पिस्तूल महिलांच्या 25 मीटर प्रकारासारखंच हवं, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत ज्या प्रकारात सुवर्ण जिंकलं त्या प्रकाराचं. गोळी .22 लाँग रायफल, ट्रिगर किमान 1000 ग्रॅमचा. जास्त झटका, जड ट्रिगर, आणि पाच शॉटना सेकंद मात्र तेवढेच: आठ, सहा, चार. फरक इतका होता की विक्रमांची यादी कोरी करून नव्याने सुरू करावी लागली.

जर्मनीचा राल्फ शूमान जुन्या पिस्तुलाचा राजा होता. 1992, 1996 आणि 2004 अशी तीन ऑलिंपिक सुवर्णं. नियम बदलले तेव्हा तो चाळिशी ओलांडून गेला होता. 2008 ला बीजिंगमध्ये, वयाच्या 46 व्या वर्षी, नव्या पिस्तुलाने तो पुन्हा उभा राहिला. सुवर्ण युक्रेनच्या ओलेक्सांद्र पेत्रिवला मिळालं. शूमान दुसरा आला, आणि तिसरा होता त्याच्याच देशाचा, वयाने निम्म्याहून लहान क्रिस्टियन राइट्झ.